प्रश्न तुमचे, शिट्टी माझी : थांबलेले, परतलेले आणि न थांबलेले

गेल्या अंकात फुटबॉलपटू सुनील छेत्रीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊस पडला. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध खेळून छेत्रीने भारतीय संघाचा निरोप घेतला. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध तो पुन्हा भारताकडून उतरला आणि हेडरने गोलही मारला. वय ४०. बघताना आनंद झाला आणि रागही आला, असं मी लिहिलं होतं. त्यावर निम्म्या लोकांनी विचारलं आनंद कशाचा, निम्म्यांनी विचारलं राग कशाचा. म्हणून या खेपेला सगळे प्रश्न निवृत्ती आणि पुनरागमन याच विषयावरचे घेतले आहेत. नावं नेहमीसारखीच छापत नाही. मराठी इंदूर ते केवढं, लोकमान्यनगरात शिंकलं की रामबागेत ऐकू येतं.

प्रश्न : बाई, हे सगळे पैशासाठी परत येतात हे सरळ का लिहीत नाही? कोट्यवधी कमावले तरी हाव सुटत नाही. आम्ही ६० व्या वर्षी टेबल आवरलं, हार-नारळ घेतला आणि घरी आलो. विषय संपला.
(निवृत्त बँक अधिकारी, सुदामानगर)

उत्तर : हार-नारळ घेतलात, घरी आलात आणि मला पत्र लिहायला बसलात. चालायचंच.

पैसा असतो, नाही कोण म्हणतं? मुष्टियोद्धा मोहम्मद अलीने १९७९ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे पुन्हा उभा राहिला, तेव्हा समोर रक्कम मोठी होती. दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. एवढं होऊनही तो डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि हरला. चाळिशीला महिनाच उरला होता. होम्सबरोबरच्या लढतीचं चित्रण मी एकदा लावलं आणि अर्ध्यावर बंद केलं.

पण पैशाच्या हिशेबात मायकेल जॉर्डन बसत नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये, सलग तीन विजेतेपदांनंतर, त्याने बास्केटबॉल सोडलं. त्याच उन्हाळ्यात त्याच्या वडिलांचा खून झाला होता. १९९४ मध्ये हा जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू बर्मिंगहॅमच्या दुय्यम दर्जाच्या बेसबॉल संघातून, बसमधून गावोगाव फिरत खेळत होता. मार्च १९९५ मध्ये परतला, आणखी तीन विजेतेपदं जिंकली, १९९९ मध्ये निवृत्त झाला, २००१ मध्ये पुन्हा आला. अमेरिकन फुटबॉलमधला टॉम ब्रेडी १ फेब्रुवारी २०२२ ला थांबला आणि चाळीस दिवसांत परतला. पुढच्या वर्षी बरोबर १ फेब्रुवारीलाच पुन्हा थांबला, 'या वेळी कायमचा' असं बजावून. यांच्या घरी महिनाअखेरीला पीठ संपत नव्हतं.

तुमची आणि त्यांची तुलना कुठे चुकते ते सांगते. नोकरीला लागलात त्याच दिवशी तुमची निवृत्तीची तारीख सर्व्हिस बुकात लिहिली गेली. तुमच्या बरोबरीचे सगळे एक-दोन वर्षांच्या फरकाने घरी बसले, त्यामुळे सकाळी फिरायला कंपनी आहे. खेळाडू ३५ व्या वर्षी थांबतो तेव्हा त्याच्या वर्गातली मुलं पहिल्या-दुसऱ्या प्रमोशनवर असतात. त्याने सकाळी फिरायला जायचं कुणाबरोबर?

आणि सकाळ हाच खरा घोळ आहे. बाराव्या-तेराव्या वर्षापासून या माणसाची सकाळ दुसऱ्या कुणीतरी आखलेली असते. किती वाजता उठायचं, काय खायचं, किती पळायचं, कुठल्या गावी कधी जायचं, मालिश कधी, झोप कधी. वीस-पंचवीस वर्षं. निरोपाचा सामना होतो, डोळे पुसून होतात, आणि सोमवारी सकाळी कुणी काही सांगायलाच येत नाही. शरीराला मात्र कुणी कळवलेलं नसतं. रोज चार-पाच तास घाम काढणारं शरीर एकदम बसवलं की झोप उडते. भूक मात्र जागच्या जागी. मी क्रीडाशिक्षिका म्हणून आयुष्य काढलं, मोठ्या खेळाडूंशी माझी ऊठबस नाही. पण राज्य पातळीवर खेळलेल्या मुली मी बघितल्या आहेत. खेळ सुटला की पहिल्या वर्षात त्या एकतर अंगाने सुटतात तरी, नाहीतर घरच्यांवर खेकसतात तरी.

आमच्या गल्लीत एक पैलवान राहतात. मातीतली कुस्ती, आसपासच्या दंगलींत नाव होतं. लंगोट सोडून वर्षं झाली, पण पहाटे चारला त्यांच्या दाराची कडी वाजते. आदल्या रात्री बदाम भिजत घातलेले असतात. ऐन उमेदीत पन्नास घालायचे, आता दहा. साली काढतात, दगडी कुंडीत घालतात आणि घोटत बसतात. गंमत म्हणजे दहा बदामांना वेळ तेवढाच लावतात जेवढा पन्नासांना लागायचा. बायको म्हणते मिक्सरमधून काढून देते, तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग तालमीत जाऊन फावड्याने माती खणून मोकळी करतात, तिच्यात तेल-हळद-ताक पडलंय की नाही बघतात, ढेकूळ हाताने फोडतात. पोरं येईपर्यंत आखाडा तयार. मग कठड्यावर बसून "गुडघा आत, गुडघा आत" ओरडत राहतात. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. यांनी निवृत्ती कधी जाहीर केली हे मला आठवत नाही, कारण केलीच नाही. लंगोट सुटल्यावर बसायला तो कठडा होता.

ब्रेडीला कठडा नव्हता. त्याच्यासाठी टीव्हीच्या स्टुडिओतली खुर्ची होती, आणि तिथे सूट घालावा लागतो.

प्रश्न : आजोबा सांगतात की सी. के. नायडू ६१ व्या वर्षी रणजी ट्रॉफी खेळले. मित्र म्हणतात आजोबा फेकतात. खरं काय?
(दहावीचा विद्यार्थी, वैशालीनगर)

उत्तर : आधी आजोबांच्या पाया पड, मग मित्रांना हे दाखव.

सी. कें.चा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. होळकरांनी त्यांना इंदूरला आणलं, लष्करात हुद्दा दिला, आणि ते इथलेच होऊन गेले. १९६७ मध्ये गेले तेही इंदुरातच. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार होते. वय तेव्हाच ३६. आजकाल त्या वयात निरोपाची पत्रकार परिषद होते. शेवटची कसोटी १९३६ मध्ये खेळले, आणि रणजीचा शेवटचा मोसम १९५६-५७. म्हणजे कसोटी संपल्यावर वीस वर्षं हा माणूस खेळतच होता! होळकर संघाचं कर्णधारपद केलं, नंतर आंध्र, नंतर उत्तर प्रदेश. १९५६ मध्ये सरकारने पद्मभूषण दिलं, आणि ते मिळाल्यावरही पुन्हा पॅड बांधून मैदानात. याच्याही पुढे, १९६३-६४ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी मदतनिधीच्या एका सामन्यात उतरले होते.

१९५१-५२ चा रणजीचा अंतिम सामना, होळकर विरुद्ध मुंबई. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू सी. कें.च्या तोंडावर बसला आणि दात पडले. वय ५६. ते बाहेर गेले नाहीत, खेळत राहिले. ही गोष्ट इंदूरमधल्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते, आणि दर पिढीला एक दात वाढतो.

आता तू विचारणार, एखाद्या तरुण मुलाची जागा अडली असेल का? अडली असणारच. पण होळकर संघ एका वेगळ्याच घडणीचा होता. चार वेळा रणजी करंडक जिंकला, सहा वेळा अंतिम फेरीत हरला, आणि त्या संघात मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी माणसं सी. कें.च्या धाकात वाढली. मैदानावरचा म्हातारा तिथे फलंदाजही होता आणि मास्तरही होता. मास्तरला मैदानाबाहेर बसवून शिकवता येतं हे त्या काळी कुणाला सुचलं नसावं, सी. कें.ना तर मुळीच नाही.

माझ्या मते या सगळ्यात शहाणे चंदू सरवटे. १९३६ पासून १९६८ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, म्हणजे तेही काही लवकर थांबले नाहीत. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या सरवटे आणि शुटे बॅनर्जी या जोडीने शतकं ठोकून २४९ ची भागी केली, ती आजही लोक काढून वाचतात. पण सरवटे वकिलीची पदवी घेतलेले होते आणि व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. पॅड सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ठसे वाट बघत होते. पुढे १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीतही बसले.

प्रश्न : शाहिद आफ्रिदी एकूण किती वेळा निवृत्त झाला?
(एक त्रस्त क्रिकेटप्रेमी, देवास)

उत्तर : कसोटीतून २००६ मध्ये, मग परत. पुन्हा कसोटीतून २०१० मध्ये, तेही कर्णधार होऊन एकच कसोटी खेळल्यावर. एकदिवसीयमधून २०११ मध्ये, मग परत. पुन्हा २०१५ च्या विश्वचषकानंतर. सगळ्यातून २०१७ मध्ये. आणि मे २०१८ मध्ये लॉर्ड्सवर विश्व एकादश संघाचा कर्णधार म्हणून हजर. बेरीज तुम्हीच करा, माझी बोटं संपली.

प्रश्न : परत येऊन खरोखर काही कमावलेलं कुणी आहे का? की सगळे हसं करून घेतात?
(प्राध्यापिका, टिळकनगर)

उत्तर : आहेत. बेल्जियमची किम क्लाइस्टर्स २००७ मध्ये टेनिस सोडून गेली, लग्न झालं, मुलगी झाली. २००९ मध्ये परतली आणि क्रमवारीत नाव नसताना, संयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, अमेरिकन ओपन जिंकली. मायकेल फेल्प्स लंडन ऑलिंपिकनंतर थांबला होता. २०१४ मध्ये पुन्हा पाण्यात उतरला आणि रिओहून पाच सुवर्ण घेऊन गेला. मार्टिना नवरातिलोवाने १९९४ मध्ये एकेरी सोडली आणि काही वर्षांनी मुख्यतः दुहेरी खेळायला आली. २००६ मध्ये अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा पन्नाशीला महिनाभर बाकी होता.

दुसऱ्या पारड्यात ब्यॉन बोर्ग. २६ व्या वर्षी टेनिस सोडलं, तेव्हा जगाला कळेना का. १९९१ मध्ये मोंटे कार्लोला परतला तो हातात जुनी लाकडी रॅकेट घेऊन. मधल्या काळात सगळं टेनिस ग्रॅफाइटवर गेलं होतं, चेंडूचा वेगच वेगळा झाला होता. जॉर्डी अरेसे नावाच्या स्पॅनिश खेळाडूने त्याला दोन सेटमध्ये घरी पाठवलं. नंतर रॅकेट बदलली तरी, दोन वर्षं अधूनमधून खेळून मुख्य दौऱ्यावर एकही सामना जिंकला नाही. फॉर्म्युला वनचा मायकेल शूमाकर सात विजेतेपदं आणि ९१ शर्यती जिंकून २००६ मध्ये थांबला. २०१० ते २०१२ अशी तीन वर्षं परत आला आणि एकदा तिसरा आला.

या दोन्ही पारड्यांत मला जो फरक दिसतो तो वयाचा नाही. नवरातिलोवाने दुहेरीतली जागा शोधली, जिथे पायांपेक्षा नजर आणि हात लागतात. फेल्प्सने शर्यती कमी केल्या. बोर्गला मात्र १९८० चा बोर्गच परत हवा होता. मैदानावर त्या नावाची जागा मोकळी ठेवलेली नव्हती.

आणखी एक प्रकार असतो, बोलावून आणलेल्यांचा. १९७७ मध्ये टीव्हीवाल्या केरी पॅकरने आपल्या खासगी क्रिकेटसाठी ऑस्ट्रेलियाचे बहुतेक नावाजलेले खेळाडू पळवले, तेव्हा दहा वर्षांपूर्वी कसोटी सोडलेल्या बॉब सिम्प्सनला ४१ व्या वर्षी कर्णधार करून बेदीच्या संघापुढे उभं केलं. त्याने त्या मालिकेत दोन शतकं ठोकली आणि आपण ३-२ ने हरलो. आमच्या घरी रेडिओवर त्याचं नाव निघालं की वडील चहाचा कप आपटायचे. इम्रान खान १९८७ च्या विश्वचषकानंतर थांबला होता. राष्ट्राध्यक्ष झिया उल हक यांनी जाहीरपणे गळ घातली म्हणून परतला आणि १९९२ चा विश्वचषक घेऊन गेला. यांना 'सोडवत नाही' असं कसं म्हणायचं? दार बाहेरून वाजलं होतं.

प्रश्न : तुम्ही आनंद आणि राग दोन्ही म्हणालात. राग छेत्रीवर होता का? तो तर अजून इतरांपेक्षा चांगला खेळतो.
(फुटबॉलवेडा, महू)

उत्तर : छेत्रीवर मुळीच नाही. त्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूंत सर्वाधिक गोल त्याचेच होते आणि प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनीच त्याला विचारलं. त्याने दार वाजवलं नव्हतं, पुन्हा बाहेरूनच वाजलं. राग एवढ्याचाच की चाळिशीच्या माणसाला बोलवावं लागतं याचा अर्थ पंचविशीचा कुणी घडवलाच नाही. आणि म्हातारा पुन्हा उभा राहिला की पंचविशीच्याला चुका करायची संधीसुद्धा मिळत नाही.

तुम्ही महूचे म्हणून एक सांगते, तुम्हाला ठाऊक असेलच. शंकर लक्ष्मण महूचेच. तीन ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी गोलसमोर उभे राहिले: १९५६ सुवर्ण, १९६० रौप्य, १९६४ सुवर्ण. १९६६ ला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार. १९६८ च्या ऑलिंपिकला निवड झाली नाही, आणि हॉकी संपली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि २००६ मध्ये महूलाच पायाच्या गँगरीनने, हलाखीत गेले. त्यांना कुणी परत बोलावलं नाही, निरोपाचा सामना झाला नाही, पुनरागमनाचा प्रश्नच आला नाही. आपण ज्या नावांवर चर्चा करतो ती सगळी दोनदा-तीनदा निरोप परवडणारी माणसं आहेत, हे मला पत्रं वाचताना राहून राहून जाणवलं.

प्रश्न : विजय मर्चंट म्हणाले होते, लोक 'का?' असं विचारतात तेव्हा थांबावं, 'का नाही?' विचारेपर्यंत खेळत राहू नये. सगळ्या खेळाडूंनी हे वाक्य भिंतीवर लावायला नको का?
(सुविचारांची वही ठेवणारे आजोबा, राजवाडा परिसर)

उत्तर : लावावं, पण त्याखाली हेही लिहावं की मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून थांबले, त्यात क्षेत्ररक्षण करताना दुखावलेल्या खांद्याचाही हात होता. सुविचारात खांदा येत नाही. सुनील गावसकर मार्च १९८७ मध्ये बंगळूरला ९६ करून कसोटीतून गेले, ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या द्विशताब्दी सामन्यात १८८ केल्या, ३१ ऑक्टोबरला नागपूरला एकदिवसीयमधलं पहिलं आणि एकमेव शतक केलं, आणि पुढच्या सामन्यानंतर खरोखर थांबले. लोक 'का?' विचारत राहिले. पण असं किती जणांना जमतं? बहुतेकांचं खेळणं 'का' आणि 'का नाही' यांच्या मधल्याच कुठल्यातरी मंगळवारी संपतं.

प्रश्न : बाई, मी मूळची ग्वाल्हेरची, लग्न होऊन इंदूरला आले. खो-खो राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत खेळले. २३ व्या वर्षी सोडलं, मंडळाने सत्कार करून निरोप दिला. आता २७, मुलगा दोन वर्षांचा. टीव्हीवर विश्वचषक पाहिल्यापासून झोप लागत नाही. नवरा म्हणतो खेळ. सासूबाई म्हणतात, सत्कार घेऊन झाला, आता परत गेलीस तर लोक हसतील. मी तर काही स्टार नाही. काय करू?
(एक माजी चेझर, म्हणजे पाठलाग करणारी)

उत्तर : स्टार नाहीस हे तुझं भाग्य. तुझ्या पुनरागमनावर कुणी स्टुडिओत बसून चर्चा करणार नाही.

आधी सासूबाईंचं. त्यांना पी. टी. उषाची गोष्ट सांग. १९९० च्या बीजिंग एशियाडनंतर त्या थांबल्या, लग्न झालं, मुलगा झाला, आणि १९९८ मध्ये ३४ व्या वर्षी फुकुओकाच्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत पदकं घेऊन आल्या. सानिया मिर्झाला मुलगा झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि जानेवारी २०२० मध्ये परतल्यावर पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, दुहेरी जिंकली. सत्कारात मिळालेली शाल परत मागायला कुणी येत नाही. आणि हे सांगताना आवाज चढवू नकोस. मुलाला दोन तास कोण बघणार हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सासूबाईंकडेच आहे.

नियमांचं भय बाळगू नकोस. मोठ्या खेळाडूंपैकी जे उत्तेजक चाचणीच्या ठरावीक यादीत असताना निवृत्त होतात, त्यांना परतण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचणीसाठी हजर राहावं लागतं. तू त्या यादीत नव्हतीस. तुला राज्य संघटनेत नोंदणी ताजी करायची आणि निवड चाचणीला उभं राहायचं.

आता खेळाचं. तू सोडलास तेव्हा तू मातीवर खेळत होतीस. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, प्रियंका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं, तो सगळा मॅटवर. बोर्गची लाकडी रॅकेट वर वाचलीस ना? मातीत पाय घसरून वळतो, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि वळतो तो गुडघा. खेळात अचानक वळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्त असतं हे लक्षात ठेव. तेव्हा पहिलं काम, खो-खो खेळू नकोस. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे आणि कमरेचे स्नायू परत आले का हे एखाद्या फिजिओला दाखव. मग मांड्या आणि नितंबांची ताकद. मग दोन्ही पायांवर उडी मारून अलगद उतरणं, आरशासमोर, गुडघे आत वळत नाहीत ना हे बघत. मग एका पायावर. उकिडवं बसून उठणं तुला आज सोपं वाटेल. सलग तीस वेळा करून बघ.

एक धोका आधीच सांगते. दम लवकर परत येतो, सात-आठ आठवड्यांत तुला वाटेल की झालं, मी तयार. स्नायूबंध आणि सांधे मात्र त्यांच्याच चालीने येतात, त्यांना महिने लागतात. माझ्या शाळेच्या मैदानावर परत आलेल्या मुली जायबंदी झाल्या त्या सुरुवातीला नाही, याच टप्प्यावर. खांबावर झेप सगळ्यात शेवटी. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या तरी शेवटीच.

आणि चेझरच राहायचंय का, याचा विचार कर. चार वर्षांपूर्वीचा तुझा वेग आज अठरा वर्षांच्या मुलींकडे आहे. पण बचावात साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळताना, समोरचीचा अंदाज घेणं, शेवटच्या क्षणी हूल देऊन चौक बदलणं, हे वय वाढलं म्हणून जात नाही, उलट पिकतं. बचावाच्या पहिल्या तुकडीत एक डोकं शांत असणारी बाई असली की बाकीच्या दोघी नीट पळतात. संघ निवडणाऱ्यांना ही गरज असते, फक्त कुणी मागत नाही म्हणून ते देत नाहीत. तू माग. चिमणबागेच्या मैदानावर कधी संध्याकाळी आलीस तर भेट, उड्या मी स्वतः बघेन.

प्रश्न : बाई, तुम्ही स्वतः परत खेळणार का?
(तुमचीच जुनी विद्यार्थिनी)

उत्तर : तू अजून बूट न बांधता पळतेस का, ते आधी सांग.

प्रश्न : आमचे काका ६८ वर्षांचे. तरुणपणी विद्यापीठाकडून १०० मीटर धावायचे. आता प्रौढांच्या मास्टर्स स्पर्धेत उतरायचं म्हणतात, काकूंनी बोलणं टाकलंय. थांबवावं का?
(एक पुतण्या, अन्नपूर्णा रोड)

उत्तर : थांबवू नका, तपासा. आधी डॉक्टरांकडून हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या, त्याचा कागद काकूंच्या हातात द्या. पहिले काही महिने फक्त भराभर चालणं, मग हलकं पळणं, मग चढावर छोट्या धावा. सपाट ट्रॅकवर पूर्ण वेगाने पळाले तर मांडीच्या मागचा स्नायू पहिल्याच आठवड्यात जाईल, आणि काकूंचा मुद्दा सिद्ध होईल. स्पाइक्स विकत घेऊ नका, साधे चांगले बूट पुरेत. चंदीगडच्या मान कौर ९३ व्या वर्षी धावायला लागल्या आणि २०१७ मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी १०० मीटर धावल्या, हे काकूंना वाचून दाखवा.

या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात. ६५ ते ६९ मध्ये काका आज सर्वांत थोरल्यांपैकी. दोन वर्षं नीट सराव करून सत्तरीच्या गटात गेले, तर तिथे ते पोरगे ठरतील.